आंब्याचा ओंडका मळ्यातच फाडायचाय, चेनसॉ मिल कोणती घ्यावी?

मळेकर_दिंडोरी
वळवाच्या वाऱ्यात बांधावरचा आंबा पडलाय. सरळ बुंधा ११ फूट, घेर ८ फूट. टेबलासाठी दोन इंची फळ्या पाडायच्यात. ६० सीसीची चेनसॉ आहे, बार (चेन ज्याच्याभोवती फिरते ती पाती) २० इंची. तिलाच मिलची फ्रेम (चेनसॉ ओंडक्यावर सरळ धरून फळ्या फाडायचा सांगाडा) लावून भागेल का? हायड्रा क्रेन मळ्यात येत नाही, त्यामुळे वखारीत नेणं अवघड आहे.

भुसा_उडव
नाही भागणार. ८ फूट घेर म्हणजे साडेतीस इंच व्यास. फ्रेमचे क्लॅम्प बारचे चार-पाच इंच खातात, म्हणजे तुमच्या हाती राहतात पंधरा-सोळा. शिवाय इतक्या रुंद कापात मशीन सतत फुल थ्रॉटलवर चालतं. लहान इंजिन तापतं आणि पिस्टनला ओरखडे पडतात. ९० सीसीच्या पुढचंच बघा: स्टिल एमएस ६६१ किंवा हस्कवार्ना ३९५ एक्सपी. घेर कुठे मोजलात?

मळेकर_दिंडोरी
छातीच्या उंचीला. मुळाशी सव्वानऊ फूट भरतो.

भुसा_उडव
मग तिथे ३५ इंच झाले आणि ३६ चा बार अडकणार. एक तर ४२ चा बार घ्या, नाहीतर बुडाशी फुगलेले कंगोरे आधी साध्या चेनसॉने तासून काढा. एकाच झाडासाठी मी कंगोरेच तासेन. ४२ चा बार ओढताना मशीन रडतं.

गोल_कानस
मशीनवर एवढी चर्चा चाललीय, पण घोडं अडतं चेनपाशी. नेहमीची चेन आडव्या कापासाठी ३० अंशांवर घासलेली असते. उभं फाडायला १० अंशांची रिपिंग चेन लागते. ३/८ इंच पिचच्या (चेनच्या कड्यांचं माप) चेनला ५.५ मिमीची गोल कानस वापरा आणि दातापुढचा डेप्थ गेज (दात किती खोल शिरेल ते ठरवणारा उंचवटा) दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवा. तो जास्त खाली गेला तर चेन लाकडात गचके खाते.

टाकी भरायला थांबलात की दरवेळी प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात मारा. भुसा पिठासारखा पडतोय, धूर येतोय, मशीन ढकलावं लागतंय, म्हणजे धार गेली. एका बाजूचे दात बोथट असतील तर काप त्या बाजूने वर किंवा खाली पळतो आणि फळी पाचरीसारखी निघते. मग लोक फ्रेमला दोष देतात!

साल आधी कुऱ्हाडीने काढा. तिच्यात बसलेली काळी माती धारेची शत्रू. बांधावरचं झाड आहे, म्हणजे कुंपणाची तार किंवा खिळा आत असू शकतो. लाकडावर निळसर काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असं समजा.

पाणसळ
पहिला काप नीट बसला तर पुढचं सगळं त्याच्या मागे येतं. ओंडका ठोकळ्यांवर उचला, सुरुवातीचं टोक थोडं उंच ठेवा म्हणजे मशीन आपल्या वजनाने पुढे सरकतं. पहिल्या कापाला फ्रेम सरळ सरकावी म्हणून वर ॲल्युमिनियमची सरळ शिडी स्क्रूने बसवा. ती दोन्ही टोकांना फूटभर बाहेर हवी, नाहीतर आत शिरताना आणि बाहेर पडताना फ्रेम कलते. दोन्ही टोकांना शिडी एकाच पातळीत आहे का, पाणसळीने बघा. स्क्रू दीड इंच आत जात असतील तर काप लाकडाच्या पृष्ठभागापासून किमान अडीच इंच खाली घ्या. स्क्रूला चेन लागली की दात गेले.

काप पुढे जाईल तशा दर दोन फुटांवर लाकडी पाचरी मारा. त्या नसल्या तर वरची फळी बसते आणि बार आवळला जातो. पेट्रोलमध्ये तेल लिटरला २० मिली. काप संपल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद करा.

वखारवाला_मित्र
एक हिशेब कोणी सांगत नाही. या चेनचा काप ९-१० मिमीचा, वखारीतल्या पट्टा करवतीचा दोन-तीन मिमी. पाच काप झाले की एक दोन इंची फळी भुशात गेली. आणि आंबा १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे. पडलेला असला तरी लाकूड हलवण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून कागद घ्या.

रंधा
फळ्या अडीच इंची पाडा, वाळून-रंधून दोन उरतील. गाभ्यातून जाणारी फळी चिरणारच, तिचा गाभा कापून दोन तुकडे करा. टोकांना त्याच दिवशी ऑइल पेंट फासा.

आंब्याला भुंगा लवकर लागतो. १० लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ओल्या फळ्यांना दोन हात द्या. थप्पीत दर दीड फुटावर एक इंची सुक्या पट्ट्या ठेवा, सगळ्या एकाच उभ्या रेषेत. वाळायला जाडीच्या दर इंचाला वर्ष धरा.

मळेकर_दिंडोरी
पावसाळा संपेपर्यंत ओंडका तसाच ठेवला तर? आणि फळ्या कांदाचाळीत रचल्या तर?

रंधा
ठेवू नका. ओला आंबा पावसात निळा-काळा पडतो. चाळ उत्तम, खालून-बाजूने वारा खेळतो. पण आत कांदा आहे का?

मळेकर_दिंडोरी
आहे, दिवाळीपर्यंत.

रंधा
मग ओलं लाकूड आत नको, कांदा सडेल. बाहेर उत्तरेच्या बाजूला पत्रा टाका, खाली फूटभर उंच विटा. ताडपत्रीत गुंडाळू नका, बुरशी येते.