वर्गात संगणक वापरण्यावरचं संशोधन : दोन तुकड्यांवरचा प्रयोग टिकेल का?

खडूफळा
पीएच.डी.चा आराखडा करतोय. विषय : वर्तुळाचं प्रकरण जिओजेब्रावर (आकृत्या काढून त्यातले बिंदू ओढता येतात असं गणिताचं सॉफ्टवेअर) शिकवलं तर संपादणुकीत फरक पडतो का. दोन तुकड्या, प्रत्येकी ४० विद्यार्थी. एक प्रायोगिक, एक नियंत्रित. पूर्वचाचणी, १२ तासिका, उत्तरचाचणी, मग टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते तपासणारी). नियंत्रित गटाला नेहमीप्रमाणे फळ्यावर शिकवणार. वर्गातला संगणकाचा वापर शिक्षकांच्या टीपॅक (विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांचं एकत्रित ज्ञान) प्रश्नावलीवरून मोजायचा विचार आहे. जिओजेब्राच्या फाइली स्वतःच बनवणार. यात कुठे घसरायला होईल?

आकडेमोड
टी-चाचणीपाशी. ती प्रत्येक विद्यार्थी सुटा धरते, पण एका तुकडीतली मुलं सुटी नसतात. शिक्षक एक, वेळापत्रक एक, दंगाही एकच. तुकडीअंतर्गत सहसंबंध, म्हणजे एका तुकडीतल्या मुलांचं एकमेकांशी साम्य, ०.२ धरा : १ + (४० − १) × ०.२ = ८.८. ८० ला याने भागायचं, म्हणजे तुमच्या ८० मुलांची माहिती जेमतेम ९ सुट्या मुलांइतकी. त्यातून दोन्ही बाजूंना तुकडी एकेकच, त्यामुळे दिसलेला फरक संगणकाचा की तुकडीचा, हे कुठल्याच सूत्राने वेगळं काढता येत नाही. पूर्वचाचणीतला फरक जमेस धरणारं सहप्रसरण विश्लेषणही इथे हात टेकतं.

मुलं वाढवून फारसं साधत नाही, तुकड्या वाढवायला हव्यात. ते जमत नसेल तर अदलाबदल करा : या प्रकरणात एक तुकडी संगणकावर आणि दुसरी कागदावर, पुढच्या प्रकरणात उलट. संगणक बदलला तसा फायदाही इकडून तिकडे गेला, तर बोलायला थोडी जागा मिळते. पुरावा म्हणून दुबळाच, पण एकाच फेरीपेक्षा बरा.

त्रिज्या
मला 'नेहमीप्रमाणे फळ्यावर' जास्त खटकतं. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच हा मुद्दा मांडला होता : माध्यम म्हणजे माल पोचवणारा ट्रक, पोषण मालातून होतं, ट्रकमधून नव्हे. तुमचा एक गट स्वतः शोधणार आणि दुसरा नुसता ऐकणार. मग जिंकली ती शोधण्याची पद्धत, श्रेय मात्र जिओजेब्राला. नियंत्रित गटालाही कंपास-कोनमापक द्या, वर्तुळावर पाच बिंदू घेऊन कोन मोजू द्या, तक्ता भरू द्या. वेळ तेवढाच. मग उरतो तो फरक बिंदू ओढण्याचा.

नावीन्याचा भर ओसरावा म्हणून पहिल्या दोन तासिका नुसत्या ओळखीला द्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या.

आता फाइली. खरी गडबड इथे होते. वर्तुळावर 'अ', 'ब' आणि 'प' असे बिंदू घ्या; 'प'पासून 'अ' आणि 'ब'कडे होणारा अंतर्लिखित कोन ३५.३६४° आणि प्रमेयानुसार त्याच्या दुप्पट असलेला केंद्रीय कोन ७०.७२८° असला, तर दोन दशांशांत पडद्यावर ३५.३६ आणि ७०.७३ दिसतात. मुलं दुप्पट करून ७०.७२ काढतात आणि म्हणतात, "प्रमेय चुकलं." दशांश वाढवून हे मिटत नाही, फक्त शेवटच्या अंकात सरकतं. म्हणून बिंदू 'ब' मोकळा ठेवू नका. १° पायरीचा स्लायडर घ्या आणि केंद्राभोवती 'अ' हा स्लायडरच्या दुप्पट कोनातून फिरवून 'ब' मिळवा.

दुसरा सापळा : 'प' ओढत विशालकंसावरून लघुकंसावर नेला की ५०° चा कोन १३०° होतो, केंद्राशी मात्र १००° तसाच. आता अंतर्खंडित कंस (कोनाच्या बाजूंमध्ये सापडणारा) दुसरा आहे, त्याचं माप २६०°. बिंदू उलट क्रमाने निवडून तो मोठा केंद्रीय कोनही दाखवा. 'प'पाशी कोनाची मर्यादा ०° ते १८०° करा, नाहीतर तिथे २३०° दिसेल. केंद्राशी मात्र ०° ते ३६०° राहू द्या. सगळीकडे एकच मर्यादा लावली की २६०° चे १००° होतात.

निरीक्षणवही
प्रश्नावलीबद्दल थोडं. टीपॅक हा मिश्रा आणि कोहलर यांचा २००६ चा आराखडा उत्तम आहे, पण स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीत शिक्षकाचा आत्मविश्वास मोजला जातो, वर्गातला वापर नव्हे. दोन निरीक्षक बसवा. दर मिनिटाला संगणक कोणाच्या हातात आहे ते नोंदवा. आणि 'मत ९० टक्के जुळलं' एवढ्यावर थांबू नका. ५० नोंदींत दोघांचं 'मुलांच्या हातात नाही' ४३ वेळा, दोघांचं 'आहे' २ वेळा, मतभेद ५ वेळा (एकाचे ३, दुसऱ्याचे २ जास्तीचे 'आहे'). जुळणी ९० टक्के, पण कप्पा (योगायोगाने जुळणारा भाग वगळून काढलेला जुळणीचा आकडा) जेमतेम ०.३९. दुर्मीळ गोष्ट मोजताना असंच होतं, तेव्हा आकडा कप्पाचाच द्या.

खडूफळा
अदलाबदल पटली. दुसरं प्रकरण कोणतं घेऊ? स्पर्शिका?

त्रिज्या
नको, ती वर्तुळावरच उभी आहे. पहिल्या फेरीत शिकलेलं दुसरीत मिसळेल. निर्देशक भूमिती घ्या. फक्त फाइलमधला ग्रिड बंद ठेवा, नाहीतर मुलं आडव्या-उभ्या रेषाखंडांची लांबी घरं मोजून सांगतात आणि अंतराच्या सूत्राला कोणी हात लावत नाही.