इंडोनेशियातलं रोजचं खाणं-पिणं: तिथं राहिलेल्यांनी लिहा

बालीच्या रिसॉर्टमधल्या बुफेचे फोटो पुष्कळ पाहून झाले. हा धागा तिथं घर करून राहिलेल्यांसाठी. डबा नसला तर दुपारी कुठं जेवता, चहाचं काय करता, ते सांगा. सुरुवात मी करते.

जकार्तात आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'वार्तेग' आहे, म्हणजे जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या तेगालकडच्या लोकांची खानावळ. काचेच्या कपाटात भाज्या-कालवणं मांडलेली. आपण बोट दाखवायचं, 'इबू' (म्हणजे मालकीणबाई) भातावर वाढतात आणि ताटलीकडे नुसती नजर टाकून पैसे सांगतात. माझं ठरलेलं: गोड सोया सॉसमध्ये परतलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), एक पालेभाजी आणि साम्बल, म्हणजे मिरचीची चटणी.

फक्त_शाकाहारी: तेंपे आणि तोफू इतकं स्वस्त नि चविष्ट मिळतं, की शाकाहाऱ्याची चैन आहे असं वाटावं. पण खरी गोम तेरासीत आहे, कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्यात. साम्बलमध्ये तो असतो, साध्या दिसणाऱ्या सायुर आसममध्ये (भाज्यांच्या आंबट सारात) असतो, गादो-गादोच्या, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवरच्या, शेंगदाण्याच्या सॉसमध्येही बरेचदा असतो. 'मांस नको' एवढ्यानं भागत नाही. 'तान्पा तेरासी' (तेरासीशिवाय) हे वेगळं सांगावं लागतं, आणि सॉस आधीच वाटून ठेवला असेल तर मुकाट पुढची गाडी शोधायची.

रत्नांग्रीकर: वरच्यांची अडचण तीच माझी चैन! तेरासी तव्यावर भाजली की आमच्याकडे पावसाळ्यात सुका जवळा भाजल्यासारखा घमघमाट सुटतो. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून तो आला की मला भूक लागते, बायको खिडकी लावते.

जोग्जातली_विद्यार्थिनी: योग्याकार्तात महिनाअखेर तारते ती आंगक्रिंगान. संध्याकाळी हातगाडी लागते, त्यावर नासी कुचिंगच्या पुड्या: मूठभर भात, वर चिमूटभर साम्बल-मासळी. एकीनं कुणाचंच भागत नाही. सोबत कोपी जोस, म्हणजे कॉफीत चक्क पेटता कोळसा सोडतात. चव? कॉफीसारखीच, तमाशा जास्त. इथलं खरं वैभव गुडग. कोवळा फणस, नारळाचं दूध आणि पाम साखर तासन् तास शिजवतात, तपकिरी रंगासाठी सागाची पानं घालतात. फणसाची भाजी म्हणून आनंदानं पहिला घास घेतला, तर ती गोड! मला आवडायला बरेच दिवस लागले.

चहाबाज: दूध घातलेल्या चहाची आशा सोडा. जावात चमेलीचा वास असलेला कोरा चहा मिळतो. मध्य जावात नुसतं 'तेह' म्हटलं तर बहुतेक गोडच येतो, बिनसाखरेचा हवा तर 'तेह तावार' म्हणायचं. पश्चिम जावात बांडुंगकडच्या सुंदानी लोकांच्या खानावळींत तो पाण्यासारखा फुकट मिळतो, सोबत कच्च्या भाज्या नि साम्बल.

मांसाहारी_मंडळ: पाडांग जेवणाचं कुणीच कसं लिहिलं नाही? पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांच्या या खानावळी गावोगाव आहेत. वाढपी हातावर बशांची चळत घेऊन येतो, न विचारता सगळ्या टेबलावर मांडतो. ज्याला हात लावाल त्याचेच पैसे. रंदांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मटण) बहुतेक गोमांसाचं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. हात धुवायला वाटीत पाणी ठेवतात, लिंबाची फोड असली तरी ते प्यायचं नाही. आमच्या एका पाहुण्यांनी प्यायलं.

नवीन_आलेला: बाजारातून तेंपे आणलं, दोन दिवसांत त्यावर काळे ठिपके आले. टाकून द्यावं का?

जोग्जातली_विद्यार्थिनी: वास ठीक असेल तर नको. तेंपे बुरशीनंच बांधलेलं असतं, ती वाढत राहिली की काळपट होते. फ्रीजमध्ये ठेवलं तर जरा थांबते. आणि आमच्या घरमालकीणबाई मूळच्या पूर्व जावातल्या केदिरीच्या, त्या तर मुद्दाम जुनं होऊ देतात. तिकडचं साम्बल तुम्पांग शिळ्या तेंपेशिवाय होतच नाही.