प्रति: मागचे ब्रेक, नवीन किट टाकूनही लीक

मागच्या ब्रेकचं रबर किट बदलून महिन्यात परत ऑइल गळतंय म्हणालात ना, मग दोष बहुतेक रबराचा नाहीये. व्हील सिलिंडर (चाकातला, ब्रेक शू ढकलणारा छोटा सिलिंडर) उघडून आतून बोट फिरवून बघा, बोअरला (आतल्या गोल भिंतीला) गंजाचे खड्डे असतील तर कितीही नवीन रबरी वॉशर टाका, ते काही टिकणार नाहीत. हलके डाग असतील तर होनिंग करून (आतून बारीक घासून) जातात पण खोल खड्डे असले की आत स्लीव्ह (पातळ नळी) बसवून घ्यायची, पितळेची किंवा स्टेनलेसची, जुन्या गाडीला नवा सिलिंडर शोधत बसण्यापेक्षा मला तरी हेच बरं वाटतं.

आणि एक, गळणारं ऑइल नक्की ब्रेकचंच आहे ना? अ‍ॅक्सलचं सील गेलं तरी लायनर (ब्रेक शूवरचे घर्षणाचे पट्टे) तसेच भिजतात, फक्त ते ऑइल जाड नि वास उग्र असतो, आम्ही एकदा उगाच सिलिंडर खोलून बसलो होतो :) भिजलेले लायनर पेट्रोलने धुवून परत लावू नका, दोन्ही चाकांचे एकदमच बदला नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका हां, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते श्वासातून आत जाणं घातक, ओल्या फडक्याने पुसा.