२६ आठवड्यांना जन्मलेलं बाळ, वय ८ आठवडे, वजन १७०० ग्रॅम: लस आत्ता की २ किलो झाल्यावर?

रात्रपाळी_एनआयसीयू:
बाळ २६ आठवड्यांना जन्मलंय, आज ८ आठवड्यांचं झालं, म्हणजे पहिल्या लसींची (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला वगैरे) वेळ आलीय. वजन १७०० ग्रॅम, सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), श्वासाला चालना द्यायला कॅफिन चालू, दूध पूर्ण नळीने. गेल्या आठवड्यात अॅप्निया (श्वास मध्येच थांबणं) नाही. राउंडला दोन मतं पडली. एक म्हणजे बाळ हिशोबाने जेमतेम ३४ आठवड्यांचं आहे, लस वाया जाईल, २ किलो होऊ दे. दुसरं, आजच द्या. द्यायची तर डोस अर्धा करायचा का, सुई कोणती, नंतर किती वेळ लक्ष ठेवायचं? दोनदा रक्त दिलंय आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा कोर्स दहा दिवसांपूर्वी संपलाय, त्याने काही अडतं का?

नवजात_ओपीडी:
द्या, आणि पूर्ण डोस द्या. लसीसाठी वय जन्मतारखेपासून मोजायचं. कितव्या आठवड्यात जन्म झाला ते वजा करायचं नाही आणि वजनाचीही अट नाही. अर्ध्या डोसने रिअॅक्शन कमी होत नाही, अँटीबॉडी मात्र कमी तयार होतात.

२ किलोचा आकडा हिपॅटायटिस बीच्या जन्माच्या डोसवरून आलाय आणि तो सगळ्याच लसींना चिकटवला जातो. २ किलोखालच्या बाळाला पहिल्या दिवसांत तो डोस दिला तर प्रतिसाद कमी मिळतो, पण महिनाभराने वजन कितीही असलं तरी चांगला मिळतो. आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह (म्हणजे तिच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा संसर्ग) असेल तर थांबायचं नाही. १२ तासांच्या आत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी). २ किलोखालच्या बाळाचा तो पहिला डोस मोजणीत धरू नका, पुढे आणखी तीन द्यावे लागतात.

आता "थांबू या" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. आईच्या आयजीजी अँटीबॉडी (रक्तातला मुख्य प्रकार) वारेतून बाळाकडे जातात त्या बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत. २६ आठवड्यांच्या बाळाला त्यातला थोडाच वाटा मिळालेला असतो. आयजीजीची पातळी साधारण तीन-चार आठवड्यांत निम्मी होते, म्हणजे ८ आठवड्यांनी त्या थोड्यातलंही पाव-एक भाग उरतं. स्वतःचं उत्पादन अजून धीमंच असतं. गर्भारपणातली डांग्या खोकल्याची लस बऱ्याच ठिकाणी २७ ते ३६ आठवड्यांत देतात. हे बाळ त्याआधीच बाहेर आलं. दूध सिक्रेटरी आयजीए (अँटीबॉडीचा दुसरा प्रकार) देतं, तो आतड्याच्या अस्तरावर राखण करतो, पण रक्तातली उणीव भरून काढत नाही. म्हणजे ज्या आठवड्यांत आपण वजनाची वाट बघतो, त्याच आठवड्यांत बाळ सर्वांत उघडं असतं. डांग्या खोकल्यात अशा बाळांना खोकला येतोच असं नाही, सरळ श्वास थांबतो.

लस_आणि_पेशी:
"वाया जाईल" याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यात अर्धं तथ्य आहे.

धनुर्वात आणि घटसर्पाला ही बाळं चांगला प्रतिसाद देतात. कमी पडतो तो हिबला (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) आणि न्यूमोकोकसच्या काही प्रकारांना; दोन्ही न्यूमोनिया-मेंदूज्वर करणारे जंतू. या दोन्ही जंतूंचं कवच साखरेच्या लांब साखळ्यांचं असतं. नुसत्या साखरेला ओळखून टिकाऊ प्रतिसाद देणं दोन वर्षांखालच्या कुठल्याच बाळाला नीट जमत नाही. म्हणून लसीत ती साखर प्रथिनाला जोडलेली असते, म्हणजे टी पेशींची (प्रतिकाराला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) मदत मिळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही मदतच दुबळी असते. टी पेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशी आयएल-१२ हा इशारा-रेणू कमी सोडतात, टी पेशी जवळजवळ सगळ्या कोऱ्या (अजून जंतू न पाहिलेल्या) असतात. त्यामुळे पहिल्या मालिकेनंतर अँटीबॉडीची पातळी पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा खाली राहू शकते.

पण स्मृतिपेशी तयार होतात, आणि दुसऱ्या वर्षीच्या बूस्टरनंतर पातळी चांगली उसळते. म्हणून या बाळांचा बूस्टर चुकवणं परवडत नाही. डिस्चार्ज कार्डावर त्याची तारीख वेगळी लिहून द्या.

स्टेरॉइडने हिबचा प्रतिसाद कमी झाल्याचं दिसलंय, पण मृत लस पुढे ढकलायला ते कारण पुरत नाही. रक्त दिल्यानेही या लसींना अडथळा येत नाही. गोवरासारख्या जिवंत लसीच्या वेळी मात्र रक्त कधी दिलं होतं ते बघावं लागतं.

सिस्टर_इनचार्ज:
सुई २५ गेज, १६ मिमी. एवढ्याशा मांडीत २५ मिमीची सुई हाडाला टेकू शकते. फार आखूड घेतली तर अॅल्युमिनियमवाली लस चरबीत राहते आणि तिथे गाठ धरते. मांडीचा पुढचा-बाहेरचा मधला भाग, स्नायू चिमटीत धरून, काटकोनात. एकाच मांडीत दोन द्यायच्या असतील तर मध्ये अडीच सेंमी अंतर. भरण्याआधी व्हायल हलवा, औषध तळाशी बसतं. गोठलेली व्हायल वापरूच नका.

वेळ सकाळची ठेवा. त्याच दिवशी डोळ्यांची आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडद्याचा आजार) तपासणी, कॅफिन बंद करणं किंवा सीपॅप काढणं नको. नाहीतर संध्याकाळी सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडलं तर कशामुळे ते कळणार नाही. बाळ आईच्या छातीशी असताना टोचलं तर उत्तम.

नंतर ४८ ते ७२ तास मॉनिटर. अॅप्निया, ब्रॅडीकार्डिया (हृदयाचे ठोके मंद होणं), ऑक्सिजनची गरज वाढणं, हे झालं तर बहुधा पहिल्या २४-४८ तासांत होतं. बहुतेकदा पाठीवर हलकं थोपटून किंवा ऑक्सिजन थोडा वाढवून भागतं. कधी पुन्हा सीपॅप लागतो, म्हणून तयारी हाताशी ठेवा. पहिल्या डोसला अॅप्निया झाला तर दुसराही देखरेखीखालीच.

ताप येऊ शकतो, सीआरपीही (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) वाढतो. नुसत्या आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करू नका, पण बाळ मलूल दिसतंय, पोट फुगलंय, रंग बदललाय, तर "लसीचं असेल" म्हणून सोडूही नका. रक्ताचं कल्चर (जंतू आहेत का ही तपासणी) पाठवा. पॅरासिटामॉल आधीच देऊन ठेवू नका, त्याने काही लसींच्या अँटीबॉडी कमी होतात. मेनिन्जायटिस बीची लस वेळापत्रकात असेल तर तिथे नियम वेगळा असतो.

रात्रपाळी_एनआयसीयू:
आजच देतो. रोटाव्हायरसचं काय? बाळ अजून दोन-तीन आठवडे तरी इथेच आहे.

नवजात_ओपीडी:
ती जिवंत लस, शौचातून विषाणू बाहेर पडतो. म्हणून काही युनिट डिस्चार्जच्या दिवशी देतात, काही वॉर्डमध्येच देऊन हातधुणी आणि लंगोट बदलताना हातमोजे कडक ठेवतात. मुद्दा पहिल्या डोसच्या कमाल वयाचा आहे. काही वेळापत्रकांत ती मर्यादा १४ आठवडे ६ दिवस आहे, काहींत बरीच पुढे. डिस्चार्ज लांबला आणि तुमच्याकडची मर्यादा जवळ आली तर वॉर्डमध्येच द्या. आतड्याचा एनईसी (आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरण्याचा आजार) चालू असेल किंवा तोंडावाटे दूध बंद असेल तर आधी सर्जनशी बोला.

आणि घरच्यांच्या लसी आत्ताच उरकायला सांगा, फ्लू आणि डांग्या खोकला दोन्ही. बाळाला फ्लूची लस जन्मतारखेपासून सहा महिने भरल्याशिवाय देता येत नाही.