अण्णांचा पीएम किसानचा हप्ता बंद झालाय, मुंबईत बसून काय करता येईल?

भांडुपचा_सातारकर:
मंडळी जरा मदत करा. वडील गावी असतात, सातारा जिल्ह्यात, दीड एकर जिरायत, सातबाऱ्यावर एकट्याचं नाव. २०१९ पासून पीएम किसानचे २००० व्यवस्थित येत होते, मग राज्य सरकारच्या नमो शेतकरीचे पण सुरू झाले, आणि आता दोन हप्ते झाले दोन्हीचा पत्ता नाही. अण्णा दोनदा तालुक्याला जाऊन आले, एसटीने अख्खा दिवस मोडतो, एका टेबलावर सांगतात कृषीला विचारा, तिथे सांगतात तहसीलला विचारा. त्यात गावात कोणीतरी डोक्यात घातलंय की पोरगा मुंबईला टॅक्स भरतो म्हणून नाव उडालं. फोनवर बोलले काही नाहीत पण आवाजावरून कळलं खापर माझ्यावरच आहे. खरंच असं असतं का?

लालबाग_७८:
नाही रे. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा बायको आणि अठराच्या आतली पोरं. तू एवढा घोडा झालास, तुझ्या टॅक्सचा काय संबंध. अण्णा स्वतः टॅक्स भरत असतील किंवा महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल तर नाव जातं, त्यातही सरकारी शिपायासारख्या चतुर्थ श्रेणीवाल्यांना पेन्शनची अट नाही. नमोचं वेगळं शोधत बसू नकोस, ती यादी पीएम किसानवरूनच घेतात.

वाशी_मार्केट:
पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’ बघ आधी. ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार बँक सीडिंग (बँक खात्याला आधार जोडणं), तिन्हीला येस पाहिजे. आमच्या आईचं केवायसीला अडकलं होतं, खुरपं धरून धरून बोटांचे ठसेच उठेनात, सेंटरवाला ओल्या फडक्याने अंगठा पुसून पुसून दमला, शेवटी मोबाईल ॲपमध्ये चेहरा दाखवला आणि दोन मिनिटात झालं.

भांडुपचा_सातारकर:
बघितलं. ओटीपी अण्णांच्या फोनवर, आणि रेंज फक्त देवळाच्या पारावर, तिथून त्यांनी आकडे ओरडून सांगितले, तीनदा चुकले. तिन्हीला येस आहे!! मग घोडं कुठं अडलं?

लालबाग_७८:
अडलं नाही, दुसरीकडे गेलं असणार. हप्त्यांच्या ओळीत बँकेचं नाव बघ. पैसे आधार नंबरवर पडतात, म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) शेवटचं आधार ज्या बँकेला जोडलं तिथे, जुनं पासबुक कोण बघत नाही.

विरार_फास्ट:
मध्येच घुसतो, सॉरी. आमचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर, ते जाऊन दहा वर्षं झाली. आम्हाला मिळेल का?

वाशी_मार्केट:
@विरार आधी वारस नोंद, महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज होतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतली असेल तर मिळत नाही, वारसाने आलेली चालते. पण तू टॅक्स भरत असशील तर तुझ्या नावाने टाकू नको, मागून वसुलीची नोटीस येते, आमच्या भावकीत दोघांनी परत भरलेत.

भांडुपचा_सातारकर:
सापडले! अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इथे आले होते तेव्हा मीच हौसेने त्यांचं झिरो बॅलन्सचं खातं उघडलं, फॉर्मवर डीबीटीच्या चौकोनात टिक माझीच असणार. पासबुक माझ्याच कपाटात, डॉक्टरच्या फायलीत. एंट्री मारून आणली, दोन्ही योजनांचे मिळून ८,००० निवांत पडलेत. म्हणजे खापर बरोबर डोक्यावर फुटलं की! आता परत गावच्या बँकेत कसं न्यायचं?

वाशी_मार्केट:
गावच्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा, अण्णांची सही लागेल. ‘डीबीटीसाठी’ असं स्पष्ट सांगा, नुसतं आधार लिंक म्हटलं तर केवायसीला जोडून मोकळे होतात. चार दिवसांनी आधारच्या साईटवर बँकेचं नाव बदललं का ते बघ.

भांडुपचा_सातारकर:
शनिवारच्या गाडीने जातोय. आठ हजार कॅश नेतो, फोनवर सांगायची हिंमत नाही.