पाऊस भरपूर, तरी विहीर कोरडी

‘कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे रोजगार हमी योजनेतून (रोहयो) पाणी अडवायचं कशाला?’ हा प्रश्न वाचून हसू आलं. अहो, आमच्या सच्छिद्र जांभा दगडात पाणी थांबतं कुठे? झिरपून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, आणि व्हाळातून खाडीला. दिवाळीनंतर आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून व्हाळात वनराई बंधारा घालतो. खालच्या विहिरीचं पाणी मग महिनाभर जास्त टिकतं, चवळीही होते.

रोहयोने गरिबी हटते का म्हणाल, तर १९९० साली फळबाग लागवड रोहयोला जोडली, ते मोठं काम. कातळउतारावर खड्डे पडले, काजू-आंब्याची कलमं लागली. पण पहिले दोन-तीन उन्हाळे कलमाला हंड्याने पाणी कोण घालणार? आमच्या शेजारच्यांची निम्मी कलमं तिथेच मेली. घरातले तरणे सगळे मुंबईला.