आठवड्याचं भाजी-किराण्याचं बजेट गुरुवारीच का संपतं?

गुरुवारची_कढी

घर पुण्यात. माणसं चार: दोघं नोकरी करणारे, आठवीतला मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. शाकाहारी, पण अंडी चालतात. गॅस, साबण-फिनेल आणि बाहेरचं खाणं सोडून खाण्याच्या जिन्नसांना महिना १४,००० ठरवले आहेत. भागिले चार, म्हणजे आठवड्याला ३,५००. खरेदी रविवारी.

अडचणी अशा:
१. पहिल्या आठवड्यात वाणसामानालाच सहाएक हजार जातात, मग ३,५०० या आकड्याला अर्थच उरत नाही.
२. गुरुवारपर्यंत भाजी संपते किंवा सडते. त्यातही पालेभाजी आणि कोथिंबीर जास्त.
३. मधेच दही, ब्रेड, आलं, लिंबू असं काहीतरी लागतं. एका लिंबासाठी ॲप उघडलं की दोनशेचं बिल होतं.
४. पाच रविवारांच्या महिन्यात हमखास तूट.

दूध रोज दीड लिटर रतिबाचं, सरासरी ६० रुपये लिटर. 'खर्च लिहून ठेवा' हे करून झालं आहे. लिहिलेलं भरपूर आहे, त्याचं करायचं काय ते सांगा.

मापात_पाप_नको

चूक 'भागिले चार' मध्ये आहे. वर्षाचे आठवडे ५२, ४८ नव्हेत. ३,५०० गुणिले ५२ म्हणजे १,८२,००० आणि तुमच्याकडे आहेत १,६८,०००. बरोबर एका महिन्याचे १४,००० कमी. पाचव्या रविवारी दिसते ती तूट हीच, वर्षभरात हप्त्याहप्त्याने आलेली. उधळपट्टीचा संबंध नाही.

दुसरं, सगळ्या खाण्याला आठवड्याचं माप लावू नका. तीन कप्पे करा:

दूध: ४५ लिटर × ६० = २,७००. हे बिल महिन्याचंच असतं, आठवड्यात मोजू नका.
वाणसामान: ६,०००. महिन्यातून एकदा.
नाशवंत, म्हणजे भाजी, फळं, अंडी, ब्रेड, पनीर, वरचं दही: उरलेले ५,३००. गुणिले १२ भागिले ५२ केले की १,२२३ येतात. आठवड्याचं बजेट हेच, १,२०० धरा.

१,२०० एकदम संपवू नका. मोठ्या फेरीला ८००, तीन-चार दिवसांनी छोट्या फेरीला ३०० आणि १०० लिंबू-आल्यासाठी. एकाच फेरीत सात दिवसांची भाजी आणली की सडणार किंवा संपणार, तिसरं काही होत नाही.

पैसे वेगळे दिसायला हवेत. रोख पाकीट जमत नसेल तर यूपीआय लाइटमध्ये (फोनमधलं वेगळं छोटं पाकीट) दर आठवड्याला १,२०० भरा आणि भाजीचे पैसे तिथूनच द्या. मुख्य खात्यातून दिले की शिल्लक मोठी दिसते आणि हात सैल सुटतो.

आणि आठवडा रविवारी सुरू करू नका, शुक्रवारी करा. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, काहीतरी खास होतं, तेव्हा पाकीट भरलेलं असतं. ओढाताण मंगळवार-बुधवारी येते आणि त्या दिवशी उसळ किंवा पिठलं झालं तर कोणाची तक्रार नसते. तुमचा आठवडा आत्ता नेमका पाहुण्यांच्या तोंडावर रिकामा होतो.

पावशेर

वरच्या हिशेबाला +१. आता भाजीचं.

लिहून ठेवलेला भाव हा विकत घेतल्याचा भाव असतो, पोटात गेल्याचा नसतो. मटार ६० रुपये किलो घेतला तर सोलून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास दाणे पडतात, म्हणजे दाण्यांचा भाव १३० च्या वर. फ्लॉवर ५० ने घेतला आणि पानं-दांडा काढून ६०० ग्रॅम उरला तर ८३. गवार ८० ने घेतली तर शिरा-देठ जाऊन किलोमागे ९०० ग्रॅम तरी उरतेच, म्हणजे ८९. पाटीवर फ्लॉवर ५० आणि गवार ८० दिसते, ताटात फरक सहा रुपयांचा. तांबडा भोपळा ४० ने घेतला तरी ५० च्या आसपासच पडतो, म्हणून तंगीच्या आठवड्यात भोपळा. (मुलगा आठवीतला आहे, भोपळ्याचं नाव काढल्यावर काय होईल ते माहीत आहे. घारगे करा, नाहीतर सांबारात ढकला.) फ्लॉवरचे कोवळे दांडे फेकत असाल तर तेही आमटीत जातात, मग हिशेब बदलतो.

मेथीची जुडी निवडल्यावर निम्मी होते. चौघांना एका वेळच्या भाजीला मध्यम दोन जुड्या लागतात. बटाटा किंवा मुगाची डाळ घातली तर एकीत भागतं.

भाजीवाल्याकडे 'पाव किती?' विचारू नका, किलोचा भाव विचारा. पावाला २५ सांगणारे बहुतेक जण अर्धा किलोला ४० ला देतात. उलट मिरची, आलं, कढीपत्ता स्वस्त मिळतो म्हणून जास्त घेण्यात अर्थ नाही, सडतात. वाटा लावलेला माल रात्री उशिरा स्वस्त मिळतो, पण तो त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी शिजवायचा असेल तरच घ्या.

आणलेली भाजी कुठल्या क्रमाने संपवता, यावर सगळं अवलंबून आहे. शुक्रवारची फेरी धरून:

शुक्रवार, शनिवार: पालेभाजी, कोवळी काकडी.
रविवार, सोमवार: भेंडी, वांगी, दोडका.
मंगळवारी छोटी फेरी, थोडी पालेभाजी आणि टोमॅटो. त्या दिवशी भाजी मांडायची नाही, उसळ. मटकी आदल्या रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी एक दिवस लागतो, तेव्हा रविवारीच भिजवा. पाव किलो मटकीत चौघांचं एक जेवण होऊन डब्यापुरती उरते.
बुधवार, गुरुवार: कोबी, गाजर, दुधी, भोपळा. हे आठवडाभर थांबतात, म्हणून शेवटी. बहुतेक घरांत उलटं होतं. कोबी आधी चिरला जातो आणि मेथी 'निवडायचा कंटाळा' म्हणून मागे राहते.

सडण्याचं कारण नव्वद टक्के ओल. कोथिंबीर धुऊन ठेवू नका. मुळं कापा, पिवळी पानं काढा, कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. कागद ओला झाला की बदला. आठ दिवस सहज टिकते. मिरच्यांचे देठ काढा, तिथूनच त्या कुजायला लागतात. बटाटे फ्रीजमध्ये ठेवले तर त्यातल्या पिठाची साखर होते, भाजी गोडसर लागते आणि काप तळताना काळे पडतात. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, एकाच्या ओलीने दुसऱ्याला कोंब येतात. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर.

साठवण_कोठी

वाणसामानाचे ६,००० बरोबर आहेत का, हे आधी तपासा. त्याला खप काढावा लागतो आणि खप बिलावरून कळत नाही. एक महिना असं करा: पहिल्या तारखेला डब्यातला साठा वजनकाट्यावर तोला. त्यात महिन्याची खरेदी मिळवा, शेवटच्या तारखेचा साठा वजा करा. जे उरेल तो खप.

अंदाजाला चौघांचे ठोकताळे:

गहू: एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक, किलोत ३३ पोळ्या. रोजच्या १३ पोळ्या धरल्या तर महिन्याला १२ किलो. भाकरी करत असाल तर तेवढा गहू कमी धरा.
तांदूळ: एक वेळ भात असेल तर रोज पाव किलो, म्हणजे साडेसात किलो. सासूबाईंना मऊ भात लागत असेल तर इंद्रायणी चांगला, पण पुलावासाठी वेगळा किलोभर कोलम घ्यावा लागेल.
चहा: कपाला अडीच ग्रॅम पावडर. दिवसाचे आठ कप म्हणजे ६०० ग्रॅम.
तेल: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या आहाराला माणशी रोज तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलं आहे. चौघांचे महिन्याचे ३,२४० ग्रॅम, म्हणजे तूप धरून साडेतीन लिटर. तुमच्याकडे पाच लिटर जात असेल तर बजेटमधली गळती तिथे आहे. उपाय साधा आहे: शुक्रवारी ओट्यावरच्या बरणीत ८०० मिली भरायचं आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत मोठ्या डब्याला हात लावायचा नाही.

त्याच मार्गदर्शिकेत डाळी-कडधान्यं (अंडी-मांस त्यातच धरून) ८५ ग्रॅम आहेत. काटकसर करताना सगळ्यात आधी डाळ पातळ होते, ते करू नका. कापायचं असेल तर बिस्किटं, फरसाण, सॉसच्या बाटल्या यांवर कात्री चालवा.

तेल घेताना लिटर आणि किलो यांत घोळ होतो. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. '१५ लिटर'चा डबा १३.६५ किलोचा असतो आणि '१५ किलो'चा साडेसोळा लिटरच्या जवळ. दोन दुकानांचे भाव लावताना दोन्ही डबे एकाच मापाचे आहेत का ते आधी पाहा. पाकिटांतही लिटरच्या शेजारी तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची पाकिटं असतात. एमआरपीजवळ दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, तुलना त्या आकड्याची करा.

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही, २५ किलोच्या वरच्या गोणीवरही नाही. म्हणून शेजारच्या दोन घरांनी मिळून ३० किलोचं पोतं घेऊन वाटून घेणं परवडतं. सुटा माल मात्र निवडून पाहा, खडे आणि फूट धरली तर पाच टक्के तिथेच जातात.

वर्षाची साठवण करायची तर मुहूर्त असे: तूर डाळ नवी आली की फेब्रुवारी-मार्च, गहू एप्रिल-मे, मसाल्याच्या मिरच्या मार्च-एप्रिल, कांदा एप्रिल-मे आणि तोही उन्हाळी. पावसाळ्यात पेरलेला लाल कांदा टिकत नाही, तो पोत्याने घेऊ नका. गव्हाला कडक ऊन दाखवून पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरला की आत घाम धरतो, मग कीड. एरंडेल लावायचं असेल तर किलोला एक लहान चमचा.

पण पहिल्या वर्षी दोन महिन्यांपेक्षा जास्तीचं भरू नका. खप माहीत नसताना क्विंटलभर गहू घेणं म्हणजे पैसे कोठीत कोंडणं.

तिखटमीठ

ॲपबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. लिंबू १० रुपयांचं असतं, पण किमान ऑर्डर किंवा डिलिव्हरीचा आकार चुकवायला माणूस १९० चं सामान भरतो. म्हणून 'मधे लागणारे' जिन्नस आधीच बांधून टाका: दर शुक्रवारी लिंबं ६, आलं १०० ग्रॅम, मिरची १०० ग्रॅम, कढीपत्ता, कोथिंबीर १ जुडी, पाव किलो टोमॅटो जादा. दही घरीच लावा. अर्धा लिटर दूध कोमट करून एक चमचा विरजण, रात्री लावलं की सकाळी तयार. रतिबात दूध वाढवावं लागत नाही, चहाचं उरतं त्यातूनच होतं. थंडीत लागत नसेल तर भांडं पिठाच्या डब्यात ठेवा.

फ्रीजवर कागद चिकटवून ठेवा. जे संपतंय ते 'संपलं' व्हायच्या आधी, एक वेळचं उरलं असताना लिहायचं. हा नियम पाळला तर तातडीची फेरी महिन्यात एखादीच होते.

गुरुवारची_कढी

१,२२३ चा हिशेब आत्ता कुठे डोक्यात शिरला. शुक्रवारपासून सुरू करते. एक राहिलं: सासूबाईंचे सोमवार आणि गुरुवार उपवास असतात. साबुदाणा, दाणे, भगर यांचं प्रमाण कसं धरायचं? आणि दिवाळीच्या फराळाचे पैसे कुठल्या कप्प्यात?

साठवण_कोठी

महिन्याला आठ-नऊ उपवास येतात. एका माणसाच्या खिचडीला ७५ ग्रॅम साबुदाणा आणि ३० ग्रॅम दाण्याचा कूट. दर वेळी खिचडीच केली तर साबुदाणा पाऊण किलोच्या आत, दाणे पाव किलो. एक दिवस खिचडी आणि एक दिवस भगर-आमटी केली तर साबुदाणा अर्धा किलो पुरतो, भगर अर्धा किलो आणि दाणे अर्धा किलो, कारण आमटीला कूट जास्त लागतो. घरातले बाकीचे तिघं 'चवीपुरती' खिचडी घेत असतील तर मात्र सगळं तिप्पट धरा, तिथेच हिशेब चुकतो.

फराळ दिवाळीच्या एकाच महिन्याच्या १४,००० मधून भागवू नका. वाणसामानातून दरमहा ४०० बाजूला काढलेत तर वर्षाला ४,८०० होतात. चौघांच्या घरचा फराळ आणि गणपतीचे मोदक त्यात बसतात. सुकामेवा भरपूर घालायचा असेल तर ५०० करा. उरलेल्या ५,६०० मध्ये वाणसामान बसत नसेल तर वर सांगितलेला खप आधी काढा.

आणि दाण्याचा कूट एका वेळी आठवड्यापुरताच करून ठेवा. दाणे कच्चे टिकतात, भाजून कुटलेले उन्हाळ्यात पंधरा दिवसांत खवट होतात.